पायाखालची गिरणी

पेपर संपला की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘एम्प्रेसला भेटू.’ मग सिनेमा, फूड कोर्ट, थोडं फिरणं, खूप फोटो. कंटाळा आला तर बाहेर पडून गांधीसागरच्या काठावर एक चक्कर. या तलावाला तुमचे आजी-आजोबा अजून जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलावच म्हणत असतील. हे नागपूर तुमच्या सवयीचं आहे. पण त्या मॉलचं नाव एम्प्रेस का, हे कुणाला विचारून बघा. दहातले सहा-सात जण खांदे उडवतील. उरलेले सांगतील, ‘काही तरी मिल होती ना बे तिथे.’

होती. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तो हाच दिवस, म्हणून जमशेटजी टाटांनी गिरणीचं नाव ‘एम्प्रेस’ ठेवलं. कामगारांसाठी पेन्शन फंड तिथे १८८६ मध्येच आला. गिरणीला जोडून येणारा हा अभिमानाचा भाग आपल्याला शाळेत सांगतात. पुढे १९८६ मध्ये ती सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली, आणि त्या जमिनीवर आजचं ‘एम्प्रेस सिटी’ उभं राहिलं. म्हणजे तलावाच्या काठावर सव्वाशे वर्षं एक कारखाना चालला, थांबला, पाडला गेला आणि वर फरशी बसली.

आज बोलायचंय ते त्या फरशीच्या खालच्या मातीबद्दल. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. तिथल्या मातीत विष आहे, असं हा लेख म्हणत नाही. कुठल्या मॉलवर किंवा बिल्डरवर ही तक्रारही नाही. प्रश्न वेगळा आहे. जुन्या कारखान्याच्या जमिनीवर, तेही पाण्याच्या काठावर, काही नवीन बांधायचं असेल तर ‘इथे पूर्वी काय काय झालं?’ हे विचारण्याची सवय या शहराला आहे का? ती लावायची असेल तर सुरुवात मशीन आणि प्रयोगशाळेपासून होत नाही. ती जुन्या कागदांपासून आणि म्हाताऱ्या माणसांपासून होते. त्यातली माणसं फार वर्षं थांबणार नाहीत.

आता जमशेटजींचीच एक गोष्ट घ्या. नागपूर निवडण्यामागे त्यांचा हिशेब पक्का होता. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे स्टेशन जवळ. पण जी जमीन मिळाली ती दलदलीची होती. आधी भराव घालावा लागला. त्या वेळी गावातल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, कारण त्याच्या मते हा माणूस खड्डा बुजवण्यात सोनं पुरत होता. पुढे गिरणीला भरघोस नफा झाल्यावर त्याच सावकाराने कबूल केलं, की याने माती घातली आणि सोनं काढलं. टाटांच्या चरित्रांमध्ये हा किस्सा नेहमी येतो आणि उद्योजकतेचा धडा म्हणून सांगितला जातो.

पण प्रदूषित जमिनीचा तपास करणारा माणूस हीच गोष्ट ऐकून कान टवकारतो. भराव? कशाचा? किती खोल? कुठून आणला? कारण भरावाची माती ही मूळ माती नसते. जे स्वस्तात आणि जवळ मिळेल ते त्यात जातं. मुरूम, विटांचे तुकडे, राख, कचरा. कोळशावर चालणाऱ्या कारखान्यात तर राखेची कमी नसते आणि खड्डा बुजवायला राखेइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम असे धातू थोड्या थोड्या प्रमाणात असतात. पोकळ भरावातून पाणी मूळच्या काळ्या मातीपेक्षा कितीतरी सहज फिरतं. तेव्हा धड्यातला तो एक शब्द, ‘भराव’, तपासातला पहिला धागा ठरतो.

दुसरा धागा गिरणीच्या रोजच्या कामाचा. कापड गिरणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सूत येतं. पण जिथे कापड धुतलं, ब्लीच केलं, रंगवलं जातं तिथे कॉस्टिक सोडा लागतो, क्लोरीनची ब्लीच लागते, रंग लागतात. जुन्या काळी रंग पक्का करायला क्रोमियमचे क्षार सर्रास वापरत. शेकडो यंत्रांना वंगण लागतं. वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टन असायचं. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी नावाचं, दशकानुदशकं न विघटणारं तेल असू शकतं. यातलं कुठे काय वापरलं, कुठे साठवलं, कुठे सांडलं, हे प्रत्येक गिरणीगणिक बदलतं. आणि नोंदी? पाण्याच्या प्रदूषणाचा देशाचा कायदा आला १९७४ मध्ये. घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ मध्ये. एम्प्रेसच्या आयुष्यातली पहिली ९७ वर्षं जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदाच नव्हता. त्या काळात कारखान्यातलं पाणी कुठे सोडायचं हे फारसं कुणी लिहून ठेवत नसे. नाल्याकडे उतार आहे ना, मग झालं.

तुम्ही म्हणाल, असेल काही जमिनीत. आपण कुठे विहिरीचं पाणी पितो? आपल्याला पेंचचं येतं, कन्हानचं येतं. बरोबर. पण मे महिना आठवा. पारा ४५ च्या पुढे, घरोघरी कूलर, आणि कूलरच्या टाकीत बोअरवेलचं नाही तर वाड्यातल्या विहिरीचं पाणी. कूलरची बारीक तुषारं आपण तीन महिने श्वासातून घेतो. शिवाय गाड्या धुणं, बांधकाम, बागा, टंचाईच्या दिवसांतले टँकर. भूजलाशी आपलं नातं नळामुळे तुटलेलं नाही, फक्त दिसेनासं झालंय. आणि मातीतून फक्त पाणीच वर येतं असं नाही. काही द्रावणांची वाफ होते आणि ती तळघराच्या भेगांतून आत शिरते. मग पार्किंगमध्ये वास येतो आणि सगळे ड्रेनेजला दोष देतात.

पाण्याच्या काठावरची जमीन या बाबतीत आणखी नाजूक. तिथे भूजल उथळ असतं आणि तलावाशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. पावसाळ्यात तलाव भरला की पाणी जमिनीत मुरतं, उन्हाळ्यात पातळी उतरली की जमिनीतलं पाणी तलावाकडे सरकू शकतं. म्हणजे दूषित पाणी असलंच तर ते सप्टेंबरमध्ये एका दिशेला आणि मेमध्ये दुसऱ्या दिशेला जाईल. एकदाच नमुना घेऊन ‘सगळं ठीक’ असा अहवाल देणारा माणूस एकतर घाईत आहे किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी घाईत आहे.

मग खरा तपास कसा होतो? जिओलॉजी, केमिस्ट्री, सिव्हिलवाले इथे जरा सरसावून बसतील. पण पहिल्या टप्प्यात एकही खड्डा खणत नाहीत. जुने नकाशे काढतात. नगर भूमापनचे, नझुलचे, सर्व्हे ऑफ इंडियाचे, गिरणीचा आराखडा मिळाला तर तोही. त्यावर बॉयलर कुठे, रंगखाता कुठे, तेलाचं गोदाम कुठे, सांडपाण्याची नाली कुठल्या बाजूला, हे खुणावतात. मग कामगारांना भेटतात. ‘पावसाळ्यात कुठे पाणी साचायचं? राख कुठे टाकायचे? कोणत्या रंगाचं पाणी नालीतून जायचं?’ असे प्रश्न विचारतात. या सगळ्यातून एक चित्र तयार होतं. विष कुठे असू शकतं, ते कोणत्या वाटेने हलेल, आणि वाटेत कोण आहे: विहीर, तलाव, खेळणारं पोर. या तिन्हींची साखळी जुळली तरच धोका असतो. विष आहे पण वाट नाही, तर धोका कमी. वाट आहे, टोकाला माणूस आहे, तर मग थोडं विषही पुरतं.

यानंतर बोअर. वेगवेगळ्या खोलीवरची माती वेगवेगळ्या बरणीत, बर्फात ठेवून, कुणी कधी घेतली याची सही-तारखेसकट नोंद करून प्रयोगशाळेत जाते. पाण्यासाठी निरीक्षण विहिरी लागतात, निदान तीन. दोन बिंदूंवरून पाण्याचा उतार कळत नाही, तिसरा लागतोच. त्यातही एक गंमत आहे. तेल पाण्यावर तरंगतं, पण क्लोरीनयुक्त द्रावणं पाण्यापेक्षा जड असतात, ती खाली बुडतात आणि खडकाच्या खळग्यात जाऊन बसतात. जाळी चुकीच्या खोलीवर बसवली तर विहीर स्वच्छ पाणी दाखवेल आणि तीन मीटर खाली भलतंच असेल. नागपूरचा खडकही सरळ नाही. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेला जुने स्फटिकी खडक, आणि शहर त्यांच्या सांध्यावर. अशा कठीण खडकात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडून सारखं झिरपत नाही, भेगांमधून पळतं. शेजारची विहीर कोरी निघते आणि चार गल्ल्या पलीकडची दूषित. म्हणून बोअर कुठे मारायचा हे ठरवायला आधीचं ते कागदाचं आणि माणसांचं काम लागतं. ते टाळलं तर लाखो रुपयांच्या चाचण्या म्हणजे अंधारात दगड मारणं.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरातलं लव्ह कॅनाल प्रकरण पर्यावरणाच्या पेपरात तुम्ही दोन ओळींत घोकलेलं असेल. हूकर नावाच्या कंपनीने तिथल्या अर्धवट सोडलेल्या कालव्यात हजारो टन रसायनं पुरली आणि १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. खरेदीखतात पुरलेल्या रसायनांचा उल्लेख होता! तरी वर शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. पंचवीस वर्षांनी रसायनं तळघरांत पाझरू लागली आणि १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. यात तुमच्या कामाचा भाग पुढचा आहे. लोइस गिब्ज नावाच्या तिथल्या एका आईने दारोदार फिरून कुठल्या घरात कोण आजारी आहे याचा नकाशा केला. आजारी घरं सगळीकडे विखुरलेली नव्हती. काही ठरावीक रेषांवर ती गोळा झाली होती. कधीकाळी बुजवलेल्या जुन्या ओहोळांच्या त्या रेषा होत्या. कालवा जिथे संपला असं सगळे समजत होते, त्याच्या पुढे विष या ओहोळांतून गेलं होतं. हे कुठल्या यंत्राने आधी सांगितलं नाही. जुन्या जमिनीचा आकार कुणाला तरी आठवत होता, म्हणून ते जुळलं.

आपल्या देशात असा सगळ्यात मोठा तपास ज्यांनी केला, त्यातली एक संस्था तुमच्या गावातच आहे. नीरी. १९५८ पासून ती नागपुरात आहे, आणि तुमच्यातले कित्येक रोज तिच्या फाटकावरून कॉलेजला जात असतील. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातली माती आणि भूजल नीरीने हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थेबरोबर तपासलं. २०१० च्या त्या अहवालात दूषित मातीचा अंदाज होता सुमारे ११ लाख टन. आता दुसरा आकडा बघा. २०२५ च्या जानेवारीत ज्या कचऱ्याचे कंटेनर पोलिस बंदोबस्तात पीथमपूरला नेले आणि जून संपेपर्यंत जाळले, तो होता ३३७ टन. ‘भोपाळचा कचरा अखेर संपला’ अशा बातम्या तुम्ही तेव्हा पाहिल्या असतील. संपलं ते गोदामात साठवलेलं. ४० वर्षांत मातीने जे पोटात घेतलं त्याच्यापुढे ते नखाएवढंही नाही. कंटेनरमध्ये भरता येतं ते दिसतं. माती दिसत नाही. म्हणूनच २०२२ च्या जुलैमध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि शेतं राखाडी झाली, तेव्हा आपण सगळे चिडलो. बांध न फुटता राख खाली झिरपत राहिली असती तर चिडलो असतो का?

तलावाकाठी कारखाना होता म्हणजे ती जमीन कायमची वाया गेली असं मात्र नाही. सिएटल शहरात लेक युनियन या तलावाच्या काठावर कोळशापासून आणि नंतर तेलापासून गॅस बनवणारा कारखाना होता. १९०६ ते १९५६, पन्नास वर्षं. रिचर्ड हाग या वास्तुरचनाकाराने तिथली जुनी यंत्रं न पाडता भोवती बाग केली. डांबराने माखलेल्या मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंना कामाला लावलं. १९७५ मध्ये बाग खुली झाली. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९८४ मध्ये चाचण्यांसाठी बाग काही महिने बंद ठेवावी लागली. आजही तिथे पतंग उडवता येतो, गवतावर लोळता येतं, पण काठावरून पाण्यात उतरायला मनाई आहे, कारण तळातल्या गाळात अजून ते डांबर आहे. लोकांना हे माहीत आहे, तरी ते तिथे जातात. मला वाटतं, बाग आणि पाटी शेजारी शेजारी असणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पाटी नसणं जास्त वाईट.

आपल्याकडे गांधीसागरच्या सुशोभीकरणाच्या चर्चा दर काही वर्षांनी होतात. कठडे, कारंजी, दिवे. गाळ काढायचाही विषय निघतो. गावाकडच्या धरणाचा गाळ शेतात टाकणं चांगलंच, त्यासाठी राज्याची योजनाही आहे. पण ज्या तलावाच्या काठावर सव्वाशे वर्षं गिरणी चालली त्याच्या तळाचा गाळ आणि खेड्यातल्या पाझर तलावाचा गाळ एकच नाही. तो ट्रकमध्ये भरण्याआधी चार ठिकाणचे नमुने तपासले जायला हवेत, ही मागणी इतकी साधी आहे की ती करायला पर्यावरणवादी असायचीही गरज नाही. बांधकामाच्या खोदकामातून निघणाऱ्या मातीचंही तेच. डंपर ती माती घेऊन जातो, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी नव्या प्लॉटचा भराव होतो. दीडशे वर्षांपूर्वीचीच गोष्ट, फक्त पत्ता बदलला.

हे आत्ताच का लिहितोय? कारण २४ जुलै २०२५ ला केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पहिल्यांदा काढले. त्यांनुसार संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी जिल्हा प्रशासनाने करायची आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा नेमलेली तज्ज्ञ संस्था ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करेल, मग सविस्तर पाहणी होईल. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. तो सापडला नाही किंवा त्याला परवडत नसेल तर केंद्र आणि राज्याचा. हे नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा ठरलेल्या होत्या आणि साफसफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी.

नियम चांगले आहेत. पण त्यांची सगळी मदार त्या पहिल्या यादीवर आहे, आणि यादी करणाऱ्या टेबलावर जे येतं तेच यादीत जातं. चालू कारखाना दिसतो, त्याची फाइल असते. बंद पडलेल्या, पाडलेल्या, नाव बदललेल्या कारखान्याची फाइल कुणाकडे? मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण झालं. घरं कुणाला, मोकळी जागा किती, मालकाला किती. मातीचा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. नागपुरात तर तेवढंही भांडण झालं नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते मोर्चाचं नाही. तुमच्या प्रत्येक कोर्समध्ये एक ‘प्रोजेक्ट’ असतो. खरं सांगा, गेल्या वर्षीचा कुठून उचलला होता? यंदा विभाग एकत्र करा. इतिहासवाल्यांनी कामगारांना भेटायचं. महाल, इतवारी, गोळीबार चौक, तांडापेठ या भागांत विणकर आणि गिरणी कामगारांची घरं पिढ्यान्पिढ्या आहेत. २००२ मध्ये जो तिशीत होता तो आज पन्नाशीच्या पुढे आहे, आणि ज्याने साठच्या दशकातलं खातं पाहिलं तो ऐंशीच्या घरात. सिव्हिलवाल्यांनी नकाशे एकावर एक ठेवायचे, जुन्या नाल्या आणि आजचे रस्ते जुळवायचे. जिओलॉजीवाल्यांनी आसपासच्या जुन्या विहिरींची पाणीपातळी मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये मोजायची. त्याला एक टेप आणि घरमालकाचा होकार लागतो. केमिस्ट्रीवाल्यांनी शेवटी यायचं, पाण्याचे नमुने घेऊन. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर आणि एकूण क्रोमियम ०.०५ च्या वर नसावं, हे आपलं भारतीय मानक आहे. आकडा त्याच्या खाली आला तर आनंदाने छापा, ती पण बातमीच आहे. वर आला तर सोशल मीडियावर टाकण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घ्या. एका नमुन्यावर कुणाच्या घराची किंमत पाडायचा हक्क तुम्हाला नाही. आणि हो, बंद आवारात शिरून खड्डे खणू नका. जुन्या टाक्या आणि विहिरी जीव घेतात.

मग ते सगळं एका फाइलमध्ये घालून जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या. सोबत माहितीच्या अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज जोडा. नागपूर जिल्ह्यातल्या संशयित दूषित जागांची यादी तयार झाली का, असल्यास प्रत द्यावी. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

पहिली भेट मात्र कामगाराची घ्या, अर्ज नंतर. सकाळी जा, दुपारी ही माणसं झोपतात. ‘प्रदूषण’ हा शब्द काढू नका, गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा इथून सुरू करा. नालीतल्या पाण्याच्या रंगावर ते आपोआप येतील. येताना चहा होईल, नाही म्हणू नका, आणि निघण्याआधी वहीत एक साधा नकाशा त्यांच्याच हाताने काढून घ्या, बॉयलर कुठे आणि तलाव कुठे एवढाच.